पुण्यातला पहिला हिवाळा: काय ऐकावं, कुठे बसावं, किती वाजता जावं

प्रश्न असा आहे: 'लातूरहून इंजिनिअरिंगला पुण्यात आलेय, पहिलं वर्ष. सगळे म्हणतात डिसेंबर ते फेब्रुवारी इथलं गाणं आणि नाटक सोडायचं नाही. शास्त्रीय संगीत समोर बसून कधी ऐकलेलं नाही, नाटकं म्हणाल तर गॅदरिंगमधली. हॉस्टेलचं गेट साडेदहाला बंद होतं, पैसे बेताचे. सवाई गंधर्व महोत्सवाचं सीझन तिकीट काढू का? आणि नाटकांची सुरुवात कुठून करू?'

सीझन तिकीट काढू नकोस. एका दिवसाचं काढ, भारतीय बैठकीचं, आणि त्या दिवशी तास बुडवावे लागले तरी दुपारी मंडपात पोच. मी बरीच वर्षं नाटकांची प्रकाशयोजना करतो आणि हिवाळ्यात गाण्याच्या मंडपांतूनही कामं असतात, त्यामुळे पुण्याचा हा मोसम मला बहुतेक वेळा रिकाम्या खुर्च्यांपासून दिसतो. लोक येतात सातनंतर. मोठं नाव शेवटी असतं, ऑफिस सहाला सुटतं, म्हणून सगळ्यांचीच धाव संध्याकाळकडे असते. पण नवख्या कानासाठी, आणि खरं तर जुन्या कानासाठीही, दुपारचा पहिला तास-दोन तास हाच मोसमाचा सर्वांत चांगला भाग आहे.

आधी सवाईबद्दल. पंडित भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्व, म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, यांच्या स्मरणार्थ १९५३ साली हा महोत्सव सुरू केला. रामभाऊ गेले १९५२ मध्ये. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवतं. २०११ मध्ये भीमसेनजी गेल्यानंतर नावात तेही आले: सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. रेणुका स्वरूप, मग रमणबाग, आणि २०१८ पासून मुकुंदनगरचं महाराष्ट्रीय मंडळाचं मैदान, असा त्याचा मुक्काम हलत आला. साधारण डिसेंबरच्या मध्यात पाच दिवस. नेमक्या तारखा दरवर्षी जाहीर होतात, त्या वर्तमानपत्रातच बघ. व्हॉट्सअॅपवर फिरणारी पत्रिका पुष्कळदा गेल्या वर्षीची निघते.

पूर्वी गाणं रात्रभर चालायचं. रागांच्या वेळा ठरलेल्या असतात: दरबारी, मालकंस मध्यरात्री, आणि उजाडताना ललत, तोडी. आता ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देता येते, त्यातला एखादा दिवस, बहुधा शनिवार, सवाईच्या वाट्याला येतो. जुने श्रोते यावर हळहळतात आणि त्यांचं बरोबरही आहे. उत्तररात्रीचे राग आपल्या वेळेला, उघड्या हवेत ऐकणं हा अनुभव पुण्यातून जवळपास गेला. पण या बदलाची एक दुसरी बाजू कोणी फारशी बोलत नाही. रात्र गेली, तशी दुपार आत आली.

डिसेंबरच्या मध्यात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे तीन-चारला सुरू झालेल्या सत्रात भीमपलास, पटदीप, मुलतानी, मग मारवा, पूरिया, श्री हे सगळे राग बरोबर आपल्या वेळेला येऊ शकतात. एरवी सभागृहातल्या मैफली साडेसहाला सुरू होतात आणि यमन किंवा पूरिया धनाश्रीवरून पुढे निघतात. मुलतानी आणि मारवा हे त्यामुळे रेकॉर्डवरचे राग होऊन बसलेत. मंडपाच्या कडेने येणारं ऊन तिरपं होत जातंय आणि समोर कोणी मुलतानीत कोमल गंधारावर रेंगाळतोय, हे वर्षातून एकदाच जमतं. त्या वेळी स्टेजवर बहुतेकदा तरुण कलाकार असतो, सवाईत पहिल्यांदाच गाणारा किंवा वाजवणारा, वर्षभर या पाऊण तासाची तयारी करून आलेला. समोर अर्धा मंडप रिकामा असतो. तू त्या अर्ध्यात बस.

आता ऐकायचं कसं. राग ओळखता येत नाही म्हणून संकोचू नकोस. शेजारच्या काकांनाही येत नसतो, ते पत्रिकेत बघून माना डोलावतात. त्यापेक्षा दोन गोष्टींवर लक्ष ठेव.

एक, गाणं सुरू होण्याआधीची पाच मिनिटं. तानपुरे स्टेजवर जुळवले जातात तेव्हा लोक वडापाव खात असतात. तू बघ. सामान्यतः पहिली तार पंचमाला, म्हणजे 'प'ला लावलेली असते. मारव्यात पंचम वर्ज्य, म्हणून ती तार निषादावर ('नी'वर) घेतात आणि सगळ्या तानपुऱ्याचा रंगच बदलतो, काहीसा अस्वस्थ होतो. मालकंसासाठी मध्यमावर. गायकाने तोंड उघडण्याआधीच वातावरण कुठे जाणार ते तानपुरा सांगून टाकतो. उघड्या मंडपात आणखी एक खटाटोप चालतो: ऊन उतरलं आणि गारवा आला की तारा चढायला लागतात, उलट स्टेजच्या दिव्यांच्या उष्णतेने उतरतात. मागे बसलेले तानपुऱ्यावरचे विद्यार्थी मधूनच तारांतले सूर बारीक जुळवायचे मणी सरकवताना दिसतील, तबलजी हातोडी घेईल. दिवे लावणाऱ्याने कलाकाराच्या डोक्यावर तापणारे दिवे का लावू नयेत, हे मी त्या मण्यांकडे बघत शिकलो. आता एलईडीमुळे तो त्रास बराच कमी झालाय.

दुसरी गोष्ट, वरचा षड्ज, म्हणजे तार सप्तकातला 'सा'. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या ख्यालात गायक खालून सुरू करतो आणि एकेक स्वर घेत, त्यावर थांबत वर सरकतो. याला बढत म्हणतात. किराणा घराण्यात, म्हणजे अब्दुल करीम खाँ, त्यांचे शिष्य सवाई गंधर्व आणि पुढे गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी, फिरोज दस्तूर यांच्या परंपरेत, ही बढत फार सावकाश असते. विलंबित एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी, पाऊण मिनिटाचंही असू शकतं. आता गायक मध्यमावर आहे, आता पंचमावर, आता धैवतावरून परत खाली आला, असं नुसतं जिन्याच्या पायऱ्यांसारखं मोजत राहा. तो तार षड्जाच्या आसपास घुटमळतो, हूल देतो, मागे फिरतो. आणि अखेरीस तो स्वर लागतो तेव्हा मंडपातून जो हुंकार उठतो त्यात तूही असशील, कुणी न शिकवता. समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, मान हलणं हे तिसऱ्या-चौथ्या आवर्तनात आपोआप जमतं.

बसायचं कुठे? भारतीय बैठकीत मध्यावर, ध्वनिनियंत्रणाच्या टेबलाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं. साउंडवाला माणूस जे ऐकतोय त्यावरच तो आवाज जुळवतो, त्यामुळे त्याच्या आसपास ऐकू येतं ते सर्वांत नेटकं असतं. अगदी कडेला, स्पीकरच्या खाली बसू नकोस. मोठे पडदे असतात, पण त्यांच्याकडे सारखं बघायची सवय लावून घेऊ नये. हात आणि आवाज यांच्यात किंचित अंतर पडतं आणि तबला बघण्यातली मजा जाते. बसायला जाड चादर ने. शाल किंवा स्वेटर नेच, कारण दुपारी नुसत्या कुडत्यावर येणारे लोक आठ वाजता काकडतात. पुण्यातला डिसेंबर रात्री दहा-बारा अंशांवर येतो आणि मैदानावर तो जास्तच बोचतो. खाण्याचे स्टॉल भरपूर असतात, भजी आणि कॉफीला रांग लागते. मात्र कलाकार गात असताना उठायचं नाही. दोन रचनांच्या मध्ये उठायचं. कंटाळा आला तर अशा मधल्या वेळात निघून जाणं यात काहीच गैर नाही.

सवाईच्या दिवसांतच सकाळी षड्ज आणि अंतरंग नावाचे दोन उपक्रम असतात. पहिल्यात संगीतावरचे माहितीपट, दुसऱ्यात कलाकारांशी गप्पा. शिवाजीनगरला राहुल थिएटरच्या मागे सवाई गंधर्व स्मारकात. शास्त्रीय संगीताशी तोंडओळख नसलेल्या माणसाला मी तिकिटाच्या आधी तिथे पाठवतो. खर्च नाही, गर्दी बेताची, आणि संध्याकाळी ज्याला लांबून बघायचं तो माणूस तिथे दहा फुटांवर बसून आपल्या गुरूच्या आठवणी सांगत असतो.

जानेवारीत वसंतराव देशपांडे यांच्या स्मरणार्थ वसंतोत्सव होतो, स्वरझंकार महोत्सवही त्याच सुमारास. दोन्हीकडे फ्यूजन, गझल, नाट्यसंगीत अशी मिसळ असते. मित्रमैत्रिणींना घेऊन जायला ते बरे. पण पैसे बेताचे असतील तर शनिवार पेठेत गांधर्व महाविद्यालयाच्या विष्णु विनायक स्वरमंदिरातले छोटे कार्यक्रम बघ. विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली काढलेली ही शाळा. असे छोटे कार्यक्रम पुण्यात हिवाळाभर चालू असतात, पुष्कळ विनामूल्य, आणि त्यांची बातमी वर्तमानपत्राच्या 'आज पुण्यात' छापाच्या चौकटीत दोन ओळींत येते. ती चौकट रोज सकाळी वाचायची सवय लाव.

नाटकांचं गणित वेगळं आहे. पुण्यात तीन प्रकारची नाटकं शेजारी शेजारी चालतात आणि नवा माणूस फक्त पहिल्यापर्यंत पोचतो.

पहिला प्रकार व्यावसायिक. बालगंधर्व रंगमंदिर, कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, टिळक स्मारक, चिंचवडचं रामकृष्ण मोरे. मुंबईचे प्रयोग शनिवार-रविवारी इथे लागतात, वेळा बहुधा दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री साडेनऊ. तुझ्या गेटच्या हिशेबाने रात्रीचा प्रयोग बाद. साडेबाराचा धर, तो तीन-साडेतीनला सुटतो, नट ताजे असतात, प्रेक्षक जेवून आलेले नसल्याने झोपत नाहीत. तिकिटं तिकीटालय आणि बुकमायशोवर मिळतात, पण बालगंधर्वच्या खिडकीवर एकदा जाऊन ये. तिथे समोर प्लॅन असतो, कुठली खुर्ची मोकळी आहे ते दिसतं, आणि खिडकीवरचा माणूस विचारलं तर 'ही घेऊ नका, कोपऱ्यात पडते' असं स्वतःहून सांगतो. बाल्कनी स्वस्त पडते आणि तिथून नेपथ्याची आखणी पूर्ण दिसते. नटाचे डोळे मात्र दिसत नाहीत. जाता जाता: या वास्तूची कोनशिला १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हातून बसली आणि उद्घाटन १९६८ च्या जूनमध्ये झालं. ते बघायला ते राहिले नाहीत, १९६७ ला गेले.

दुसरा प्रकार प्रायोगिक, आणि माझं घर तिथे. शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच, हिराबागेतलं ज्योत्स्ना भोळे सभागृह आणि तिथलंच श्रीराम लागू रंग-अवकाश, एरंडवण्यातलं द बॉक्स. आसक्त, नाटक कंपनी अशा संस्थांची नावं लक्षात ठेव, त्यांच्या पानांवर प्रयोगांच्या तारखा येतात. सुदर्शनमध्ये शंभर-सव्वाशे माणसं मावतात. पहिल्या रांगेत बसलीस तर नटाच्या श्वासाचा आवाज येतो, घाम दिसतो, त्याच्या हातातला कप थरथरतो तोही दिसतो. मोठ्या नाट्यगृहात नट शेवटच्या रांगेसाठी बोलतो. इथे तो पुटपुटू शकतो. गॅदरिंगची नाटकं बघून आलेल्या मुलामुलींना हा फरक पहिल्यांदा विचित्र वाटतो, 'अभिनय करतच नव्हता तो' असं म्हणतात. दोन-तीन प्रयोगांनंतर मोठ्या नाट्यगृहातली आरडाओरड त्यांनाच खटकायला लागते.

इथे एक विनंती, आणि ती माझ्या धंद्यातली आहे. मोबाइल बंद कर. सायलेंट नव्हे, बंद. छोट्या रंगमंचावर मी एखादा प्रसंग एकाच दिव्यावर, डिमर दहा टक्क्यांवर ठेवून चालवतो. प्रेक्षकांचे डोळे त्या अंधाराला सरावायला मिनिटभर लागतं. मग त्यांना नटाच्या चेहऱ्याची एक कड दिसायला लागते, आणि सगळा प्रसंग त्या कडेवर तोललेला असतो. तेवढ्यात चौथ्या रांगेत कुणी वेळ बघायला फोन उघडतो. त्या फोनचा उजेड माझ्या दिव्यापेक्षा जास्त असतो. आसपासच्या पंधरा जणांची सरावलेली नजर गेली, त्यांच्यासाठी तो प्रसंग संपला. नियंत्रण कक्षातून मला हे प्रत्येक वेळी दिसतं आणि काहीही करता येत नाही.

तिसरा प्रकार स्पर्धांचा. याबद्दल जरा सविस्तर, कारण पुण्याला विद्यार्थ्यांचं गाव का म्हणायचं ते इथे कळतं. सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात हिवाळाभर काही ना काही चालू असतं. नोव्हेंबर-डिसेंबरात राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची ही हौशी रंगभूमीची स्पर्धा. बँकेत, शाळेत, कारखान्यात नोकरी करणारी माणसं रात्री तालमी करून दोन-दोन तासांची नाटकं उभी करतात. तिकीट अगदी नाममात्र. दहातली सहा नाटकं कंटाळवाणी असतील, हे आधीच सांगतो. पण एखाद्या मंगळवारी पन्नास प्रेक्षकांसमोर असं काही घडतं की पुढे दोन वर्षांनी त्याच लेखकाचं नाटक हाऊसफुल्ल चाललेलं दिसतं.

पुरुषोत्तम करंडक तू ऐकला असशील. ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा, महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून भरवते. मुख्य धुमाळी पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरला, ती यंदाची तुझी हुकली. पण पुण्यातल्या आणि बाहेरच्या केंद्रांवरच्या विजेत्या एकांकिका साधारण वर्षअखेरीस भरतला महाअंतिम फेरीसाठी येतात, ती बघ. 'अरे आव्वाज कुणाचा' ही आरोळी एकदा तरी त्या सभागृहात उभं राहून ऐकायला हवी, कानठळ्या बसतात. पुरुषोत्तममध्ये तांत्रिक बाजूंना बक्षीस नाही, भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर. म्हणून तिथलं नेपथ्य दोन खुर्च्या आणि एका ठोकळ्यावर भागतं. आमच्यासारख्या दिवेवाल्यांना ते थोडं टोचतं, पण नियम योग्य आहे असं माझं मत आहे. वीस वर्षांच्या मुलांना महागडा सेट भाड्याने आणायची सवय लागण्यापेक्षा वाक्य नीट बोलायची लागावी.

फिरोदिया करंडक त्याच्या अगदी उलट. १९७४ पासूनची ही विविध कलांची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, फेब्रुवारीच्या आसपास. एका कथेत नाच, गाणं, वाद्यं, चित्र, शिल्प, रांगोळी, जे काही कॉलेजला येत असेल ते सगळं रंगमंचावर, प्रत्यक्ष. प्रसंग चालू असताना कोपऱ्यात एक मुलगा मातीचं डोकं घडवत असतो आणि शेवटी तेच डोकं कथेतलं पात्र निघतं, असले प्रकार. कधी कथेचा पार चिवडा होतो. कधी मात्र अंगावर काटा येतो. पुण्यात इंजिनिअरिंग कॉलेजं यात हिरिरीने उतरतात आणि त्याचं कारण साधं आहे: फिरती नेपथ्यं, कप्प्या, लपवलेले दिवे, हे त्यांचंच काम.

म्हणून नुसती प्रेक्षक म्हणून जाऊ नकोस. तुमच्या कॉलेजचा संघ असणारच. डिसेंबरात सबमिशनं आणि परीक्षा आटोपल्या की तालमी सुरू होतात, तेव्हा जाऊन विचार, बॅकस्टेजला माणूस हवाय का. हवाच असतो. स्टेजवर यायला पन्नास जण तयार असतात, विंगेत उभं राहून योग्य क्षणी मडकं पुढे सरकवायला कोणी नसतं. प्रकाशाची क्यूशीट सांभाळायला मिळाली तर ती आधी घे. वहीच्या पानावर तीन रकाने: कुठलं वाक्य, कुठला दिवा, किती सेकंदांत. नट वाक्य विसरला तर क्यू कशावर द्यायचा, हे शेजारी पेन्सिलने लिहून ठेवायचं. एवढं एक नाटक चालवलंस की पुढे कुठलंही नाटक बघताना तुला दिवा बदललेला कळेल, आणि का बदलला हेही.

फेब्रुवारीत विनोद दोशी नाट्य महोत्सवाची जाहिरात दिसली तर त्यातलं एक तरी नाटक बघ, शक्यतो मराठी नसलेलं. विद्यापीठातल्या ललित कला केंद्राच्या विद्यार्थ्यांचे प्रयोगही वर्षाच्या उत्तरार्धात होतात; तिथे बाहेरच्यांना प्रवेश आहे का ते त्या त्या वेळी विचारून जा.

खर्चाचं सांगायचं तर सवाईचा एक दिवस, साडेबाराचं एक व्यावसायिक नाटक, सुदर्शन किंवा बॉक्सला दोन, आणि भरतला जमेल तितकं. तीन महिन्यांना एवढं पुरे. सगळं बघायला धावणारी मुलं जानेवारीतच थकतात आणि नंतर फक्त फोटो टाकायला येतात.

येण्याजाण्याचं: बालगंधर्वला छत्रपती संभाजी उद्यान मेट्रो स्टेशन जवळ, मुकुंदनगरला स्वारगेटपर्यंत मेट्रो आणि पुढे शेअर रिक्षा किंवा चालत. भरत आणि सुदर्शन पेठांत आहेत, तिथे पीएमपीची बस बरी. स्कूटर असली तर पार्किंगसाठी वीस मिनिटं हातात ठेव. सवाईला सव्वानऊच्या सुमारास, शेवटचा कलाकार बसायच्या आधीच्या मध्यंतरात ऊठ. सगळे एकदम सुटतात तेव्हा रिक्षावाले वाटेल ते भाडं सांगतात आणि तुझं गेट निघून जाईल. रेक्टरबाईंना आधी पत्रिका दाखवून लेट पास मागून बघ. पुण्यातल्या पुष्कळ रेक्टर सवाईच्या नावाला नाही म्हणत नाहीत.

एकटी जाऊ का, असं तू विचारलं नाहीस, पण बहुतेक नवी मुलं इथेच अडतात. जा. बैठकीत एकटं ऐकायला येणाऱ्या बायका पुष्कळ असतात, वहीत राग लिहून घेणाऱ्या, स्वेटर विणणाऱ्या, थर्मासमधून शेजारणीला चहा देणाऱ्या. त्यांच्यातल्या एखादीच्या बाजूला चादर टाक आणि 'आत्ता हे काय गायले?' असं विचार.